फुटपाथवर राहणाऱ्याला काय हवं असतं?

डिसेंबर लागला की आमच्या भायखळ्यात जुनी कांबळी गोळा होऊ लागतात. गोळा करणाऱ्यांत मीही असते. कांबळी वाटू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण मुंबईची थंडी मोजून चार दिवसांची. फुटपाथवरची माणसं घाबरतात ती पावसाला, आणि पावसापेक्षाही पालिकेच्या अतिक्रमणवाल्यांच्या गाडीला. गाडी आली की ताडपत्री, स्टोव्ह, भांडी, कपड्यांचं बोचकं, सगळं जातं. त्या बोचक्यात रेशनकार्ड असतं, लेकराचा जन्मदाखला असतो. कांबळं पुन्हा मिळतं. दाखल्यासाठी मात्र रोजगार बुडवून खेटे घालावे लागतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लसूण सोलत बसणाऱ्या मावशी 1972 च्या दुष्काळात नवऱ्याबरोबर मराठवाड्यातून आल्या. "ताई, काम हितंच व्हतं, मग ऱ्हायचं कुटं?" असं त्या विचारतात. बाजारात पहाटे हमाली, दिवसा धुणीभांडी. खोलीचं भाडं झेपत नाही आणि लांब राहिलं तर येण्याजाण्यातच मजुरी संपते. कामाच्या जवळ राहायचं म्हणून माणसं फुटपाथवर राहतात, हे आपण लक्षातच घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ते लक्षात घेतलं. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारनं फुटपाथ मोकळे करायचं ठरवलं. काहींना बसमध्ये घालून शहराबाहेर धाडलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवासी न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. नोटीस देऊन हटवायला मुभा राहिली. निकाल अर्धाच पदरात पडला, असं मला वाटतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी उभ्या राहिल्या त्या इथल्याच बायका. 'स्पार्क' या संस्थेच्या साथीनं फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी झाली, पुढं 'महिला मिलन' उभी राहिली. रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे बाजूला पडू लागले. घर केवढं हवं हे ठरवायला या बायकांनी साड्या ताणून भिंती उभ्या केल्या. पोटमाळा बसेल एवढी उंची हवी, हे ज्यांनी कधी पक्कं घर पाहिलं नव्हतं त्यांनीच सांगितलं. दानात मिळालेल्या घरापेक्षा मला ही साड्यांची घरं मोठी वाटतात, कारण तिथं पहिल्यांदा त्यांना कुणीतरी विचारलं होतं.

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. मुंबईत सुमारे 57 हजार. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये बजावलं. म्हणजे मुंबईत शंभराच्या वर निवारे हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही. नवरा, बायको, लेकरं एकत्र राहू शकतील अशा जागा तर फारच थोड्या.

निवारे बांधणं तुमच्याआमच्या हातात नाही, पण कागद मिळवून देणं आहे. मतदार यादीत नाव घालायला बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अर्ज क्रमांक 6 मध्ये झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं (बीएलओ) एकाहून जास्त रात्री तिथं येऊन माणूस खरंच झोपतो का ते बघायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. मतदार झालेल्या माणसाच्या दाराशी, दार नसलं तरी, नगरसेवकाला यावं लागतं.

तेव्हा यंदा कांबळं द्याच, पण शेजारी बसून कोणता कागद नाही तेही विचारा. अर्ज भरून द्या, कार्यालयात सोबत जा, आणि कागदांसाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी द्या.