तेलाचा शेअर, सॉफ्टवेअरचा भाव

हिवरा आश्रमला शिकायला आलेल्या पोरांच्या मोबाइलमध्ये आता शेअरचं अ‍ॅपही दिसतं. नवा आयफोन आला की प्रश्न ठरलेला : अ‍ॅपलचा शेअर आता पळणार ना?

गंमत अशी, की बऱ्याचदा तो आधीच पळून झालेला असतो. सप्टेंबर 2012 मध्ये आयफोन 5 आला, त्याच दिवसांत शेअर 700 डॉलरच्या वर गेला. फोन धडाधड विकला गेला. पण पुढच्या एप्रिलमध्ये शेअर 400 च्या खाली. सोयाबीन पिकवणाऱ्या घरात हे समजावून सांगायची गरज नाही. पीक जोरात आहे एवढी खबर लागली, की माल मार्केट यार्डात पोचण्याआधीच भाव हलतो. शेअरचंही तसंच. भावात आजची विक्री कमी आणि उद्याची आशा जास्त असते.

मायक्रोसॉफ्टचं बघा. डिसेंबर 1999 मधला भाव पुन्हा दिसायला 2016 उजाडलं. मधल्या काळात कंपनी काही झोपली नव्हती, नफा कमावतच होती. पण विंडोजची नवलाई ओसरली होती; क्लाउडचा धंदा वाढला तेव्हा कुठे शेअरने मान वर काढली.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलं अंमळनेर आहेच की. 1945 मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले ते तेल-तूप बघून. 1966 मध्ये 21 वर्षांचे अझीम प्रेमजी वडिलांच्या निधनानंतर स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परतले. पुढे आयबीएम भारतातून गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत विप्रो कॉम्प्युटर घेऊन उतरली. मग सॉफ्टवेअर.

बोनसचा हिशेब तर भारीच आहे. 2004 च्या आधीचे 3 शेअर ज्यांनी विकले नाहीत, त्यांचे 2024 च्या बोनसनंतर 160 झाले. अर्थात बोनस मिळतो तेव्हा भावही त्याच प्रमाणात उतरतो, म्हणून नुसता आकडा बघून हुरळायचं नाही.

आता दुसरा गुंतवणूकदार घ्या. कंपनी तीच, पण याने फेब्रुवारी 2000 मध्ये, सॉफ्टवेअरची लाट शिगेला असताना, दहा हजारांच्या आसपास एक शेअर घेतला. त्याचे आज 53 झाले, म्हणजे एक साधारण 188 रुपयांना पडला. अ‍ॅप उघडा, आजचा भाव बघा आणि मध्ये किती वर्षं गेली तेही मोजा. लाभांश धरला तरी बँकेतली एफडी त्याच्याकडे बघून हसेल!

अंमळनेरच्या जुन्या भागधारकाला लाट ओळखावी लागली नाही, कारण त्याने लाट यायच्या कितीतरी आधी शेअर घेतला होता. 2013 मध्ये तर साबण-तेलाचा व्यवसायच विप्रो लिमिटेडमधून वेगळा काढला गेला. ज्या तेलासाठी गावाने शेअर घेतला, ते तेल आता त्या शेअरमध्ये उरलेलंच नाही.