विष पचविणारी अळी

देवघरांतील वातीपासून पाळण्यांतील दुपट्यापर्यंत, कापसावांचून आपल्या घरांतील एक दिवसही सरत नाहीं. परंतु तो कापूस कोणत्या संकटांतून वांचून आपणांपर्यंत येतो, याचा विचार आपण सुशिक्षित मंडळी क्वचितच करतों. या पिकावर अलीकडे जो प्रसंग गुदरला, त्यांतून शेतकऱ्याइतकाच आपणांसही बोध घेण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.

मातींत राहणारा एक सूक्ष्म जंतु आहे. १९०१ सालीं जपानांत इशिवाता या शास्त्रज्ञास रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध करतांना तो आढळला. पुढें जर्मनींत बर्लिनर यांनीं थुरिंजिया प्रांतावरून त्यास ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हें नांव दिलें. ‘बीटी’ तें हेंच. हा जंतु एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या आंतड्यांतील क्षारयुक्त रसांत तें विरघळतें, आंतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट रेणूंना चिकटतें व अस्तरास छिद्रें पाडतें. अळी खाणें सोडते आणि मरते. हें प्रथिन घडविणारें जनुक शास्त्रज्ञांनीं कपाशींतच घातलें. आपल्या देशांत अशा कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली. २००६ मध्यें दोन प्रथिनांची कपाशी आली. बोंडअळीसाठींची फवारणी पुष्कळ कमी झाली व शेतकऱ्यास हायसें वाटलें.

परंतु लाखों अळ्यांत एखादी अशी असते, कीं तिच्या आंतड्यांतील ते रेणू जन्मतःच निराळे असल्यामुळें विष तेथें चिकटतच नाहीं. इतर सर्व मेल्यावर शेत तिचेंच. २०१० सालीं गुजरातेंतील गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनास जुमानीत नसल्याचें जाहीर झालें. पुढें दुसरेंही निष्प्रभ ठरलें. २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांतील बोंडें तिनें पोखरून काढलीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर दगावले.

यावर तोडगा नव्हता असें नाहीं. बीटी कपाशीभोंवतीं साध्या कपाशीचा पट्टा पेरावा असा नियम होता, व ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर त्यासाठीं १२० ग्रॅम साधें बियाणें मिळत असे. विष पचविण्याचा हा गुण बहुधा आईबाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो. म्हणून पट्ट्यांतील साध्या पतंगांशीं विषांतून वांचलेल्या विरळा पतंगांचा संयोग व्हावा आणि त्यांची संतति पुनः विषास बळी पडावी, अशी ही योजना. अमेरिकेंत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनीं ती नेटानें पाळली, पुढें वंध्य पतंगही सोडले, आणि २०१८ सालीं त्या देशाच्या कापूसपट्ट्यांतून ही कीड नाहींशी झाल्याचें घोषित झालें.

आपल्याकडे तें पाकीट बहुधा बांधावरच पडून राहिलें. दोन एकरांवर ज्याचें सारें वर्ष अवलंबून, त्यानें किडीसाठीं ओळी सोडाव्या हें त्यास कोणी नीट समजावून सांगितलें होतें काय? शिवाय, हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते व तेथें तिला हें विष भेटत नाहीं. म्हणून तिच्यावर बीटीचा प्रभाव बराच टिकला. गुलाबी अळीचें अन्न मात्र जवळजवळ कपाशीच. त्यांत पिकास पाणी देऊन फरदड घेण्याची चाल. त्यामुळें तिला भक्ष्यही दीर्घकाळ मिळालें.

आतां उपाय जुन्याच वळणाचे आहेत: लवकर येणारें वाण पेरणें, कामगंध सापळे लावणें, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळें करणें. परंतु एकानें केलें आणि शेजाऱ्यानें फरदड राखली, तर पतंगास बांध आडवा येत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें सांगावयास नको. कोठार सामाईक असतें, तेव्हां जो तो आपल्यापुरता हात घालतो. भरण्याची पाळी आली म्हणजे कोणी पुढें होत नाहीं. किडीवर औषध लागू पडणें, ही सुद्धां अशीच गांवाची सामाईक ठेव आहे. ती एकदां संपली म्हणजे पैसे देऊन पुनः भरतां येत नाहीं.