बर्डीच्या टेकडीवरच्या कबरी
लेखमाला : आपल्या शहराचे जुने पत्ते

धरमपेठेतून आपण रोज बर्डीला जातो. सीताबर्डीचा किल्ला मात्र सर्वसामान्यांसाठी वर्षातून तीनदाच उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. एरवी तो लष्कराच्या ताब्यात असतो. आत १८१७च्या लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या कबरी आहेत.

किल्ल्याच्या अंगणात दफनभूमी असणे युरोपात नवे नाही. आयर्लंडमधल्या कॅशेलच्या खडकावर मन्स्टरच्या राजांचे ठाणे होते. ते ११०१ मध्ये चर्चला दिले गेले आणि पुढे तिथल्याच घराण्यांतली माणसे त्या आवारात विसावली. बर्डीची गोष्ट वेगळी. इथे पुरलेली माणसे दूरदेशाहून लढायला आलेली होती.

लढाईच्या वेळी इंग्रजांची रेसिडेन्सी टेकडीच्या पश्चिमेला, म्हणजे आपल्या बाजूला होती, तर भोसल्यांचे शहर पूर्वेला. मे १८१६ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्रजांशी लढत असलेल्या पेशव्यांची खिलत (मानाची वस्त्रे) उघडपणे स्वीकारली आणि २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. ईस्ट इंडिया कंपनीकडे जेमतेम चौदाशे माणसे, तर समोर भोसल्यांची सुमारे अठरा हजारांची फौज. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी इथल्या दोन टेकड्यांपैकी धाकटी घेतलीही होती, पण दुपारपर्यंत ती हातची गेली. रेसिडेंट जेन्किन्सचा सहायक जॉर्ज सोदबी या लढाईत मारला गेला. कंपनीचे ३६७ जण कामी आले किंवा जायबंदी झाले.

या ३६७ पैकी बहुतेक मद्रासचे देशी शिपाई होते. त्यांच्या २४व्या पलटणीची हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. १८०६ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. टिपू सुलतानाची मुले तिथेच कैदेत होती. उठावानंतर तिथल्या पहिल्या पलटणीचे नाव यादीतून खोडले गेले. त्या पलटणीत निष्ठावंत राहिलेल्यांतून ही २४वी उभी झाली होती. बर्डी जिंकल्यावर बक्षीस म्हणून तिने आपला जुना क्रमांक परत मागितला आणि तो मिळालाही. अकरा वर्षे उराशी बाळगलेला अपमान त्यांनी नागपुरात, परक्या सरकारसाठी रक्त सांडून पुसला! आणि योगायोग असा की १८५७ मध्ये फाशी दिलेल्या नवाब कादर अलींची आणि त्यांच्या आठ साथीदारांची कबर याच किल्ल्यात दाखवतात. नवाब हे टिपूचे नातू असल्याचे सांगितले जाते.

अधिकाऱ्यांची नावे इतिहासात उरली. शिपाई मात्र सरकारी कागदावर नुसता आकडा होऊन राहिले. हिंदू शिपायांच्या नशिबी तर कबरही नव्हती, चिता विझली की सगळे संपले. भोसल्यांकडून लढलेल्यांचेही तेच झाले. खुद्द आप्पासाहेब १८४० मध्ये इथून शेकडो कोस लांब, जोधपूरला वारले. टेकडीवर कोण मेले हे फक्त तिथल्या दगडांवरून ठरवणे म्हणजे अर्धी लढाई वाचणे आहे.

वाचकांना विनंती आहे: तुमच्या घरी भोसल्यांच्या फौजेत असलेल्या पूर्वजाची सनद, पत्र किंवा वंशावळीतली नोंद असेल, तर ती जपून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात टाकळीकडे जाऊ.