दारावरचे ओरखडे

लालबाग-परळच्या चाळींत दिवसभर उघडी असणारी दारे टॉवरमध्ये बंद झाली. माणसे कामावर गेली की कुत्रा एकटा उरतो. संध्याकाळी दिसते कुरतडलेली चौकट, फाटलेली उशी. हा सूड नव्हे; अनेकदा ती एकटेपणाची भीती असते. अशी नासधूस एकटे असतानाच, बहुधा पहिल्या अर्ध्या तासात आणि दाराजवळ होते. मोबाइलवर चित्रण करून खात्री करावी. घरी आल्यावर मारू नये. शिक्षा कशाची हे त्याला उमगत नाही, भीती मात्र वाढते. आधी काही सेकंद, मग मिनिटे, अशी एकटे राहण्याची सवय लावावी. तरीही तो बिथरत असेल, तर पशुवैद्यांना दाखवावे. गरज पडल्यास क्लोमिप्रामिनसारखी औषधे ते देतात. सवय मात्र घरीच लावावी लागते.