बाल्सामिकची बाटली आणि गुऱ्हाळाची काकवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोठ्या दुकानात सॉसच्या फळीवर हल्ली एक काळसर बाटली दिसते. वर लिहिलेलं असतं 'बाल्सामिक व्हिनेगर'. हॉटेलात सॅलडवर तिचे चार थेंब चाखलेले असतात, म्हणून आपण ती हातात घेतो, किंमत बघतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. ती घ्यावी का, घ्यायची तर कोणती, आणि न घेता घरात काय करता येईल, याविषयी थोडं बोलू.

मूळ पदार्थ इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलिया या भागांतला. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तो समजायला वेळ लागत नाही. आपण उसाचा रस काहिलीत आटवतो, ते द्राक्षाचा रस आटवतात. रस मंद आचेवर निम्म्याच्या आसपास आला की लाकडी पिंपांत भरतात. ही पिंपं पोटमाळ्यावर ठेवलेली असतात. एकापेक्षा एक लहान, आणि ओक, चेस्टनट, तुती, चेरी अशा वेगवेगळ्या लाकडांची. उन्हाळ्यात रस तापतो, हिवाळ्यात निवतो; आंबतो, मुरतो, दाट होतो. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडंसं काढायचं आणि ती तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायची. अशी किमान १२ वर्षं, आणि जास्त जुन्या प्रतीला २५. हे खरं पारंपरिक बाल्सामिक. युरोपीय संघाने २००० साली त्याच्या नावाला संरक्षण दिलं. ते १०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत येतं आणि त्याची किंमत अत्तरासारखी असते. ते काकडी-टोमॅटोवर ओतू नये, आणि आपल्या फळीवर बहुधा ते नसतंच.

आपल्याकडे दिसतं ते 'मोदेनाचं बाल्सामिक व्हिनेगर'. नाव जवळचं, वस्तू वेगळी. या नावाला २००९ साली भौगोलिक संरक्षण मिळालं. नियमाप्रमाणे त्यात द्राक्षरस किमान २० टक्के आणि वाइनचं व्हिनेगर किमान १० टक्के असतं, रंगासाठी २ टक्क्यांपर्यंत कॅरॅमल चालतं आणि लाकडात किमान ६० दिवस ठेवावं लागतं. १२ वर्षं कुठे आणि ६० दिवस कुठे! म्हणून बाटलीवरचं द्राक्षाच्या घोसाचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. 'ग्रेप मस्ट' म्हणजे द्राक्षरस पहिला असेल तर माल गोडसर आणि दाट. 'वाइन व्हिनेगर' पहिलं असेल तर पातळ आणि आंबट. सॅलडला पातळ चालतं, उलट बरंच लागतं. पाव बुडवायला किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर घालायला दाट हवं. त्यासाठी महाग बाटली घ्यायची गरज नाही. स्वस्तातलं बाल्सामिक स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर निम्मं आटवा. वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. 'ग्लेझ' म्हणून मिळणाऱ्या दाट बाटलीत मात्र बरेचदा स्टार्च किंवा गोंद घालून दाटपणा आणलेला असतो.

आता ड्रेसिंग. आपल्या कोशिंबिरीत तेल फोडणीत तापतं आणि हिंग-जिऱ्याचा वास पुढे येतो. ड्रेसिंगमध्ये तेल कच्चंच राहतं, म्हणून त्याचा वास चांगला हवा. ऑलिव्ह नसेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल घ्या. त्याचा वास जड वाटला तर करडईचं. साध्या व्हिनेगरला तिप्पट तेल लागतं. बाल्सामिक मुळात गोड, त्याला दुप्पट पुरतं. मीठ आधी आंबटात विरघळवा, तेलात ते विरघळत नाही.

तेल आणि आंबट एकजीव राहत नाही, ही सगळ्यांची तक्रार. त्यावर युरोपात मोहरीची पेस्ट घालतात. आपल्याकडे फेसलेली मोहरी आहेच! मोहरीची बारीक पूड आणि तिच्या सालीतला बुळबुळीत अंश तेलाचे थेंब धरून ठेवतो. फक्त ती आधी पाण्यात फेसा, नाकात झणका बसला की मग आंबट घाला. आंबट आधी पडलं तर झणका नीट चढत नाही.

बाल्सामिक नसेल तर काकवी. उसाचा रस साधारण १०५ अंशांला काढला की काकवी आणि ११८ च्या आसपास गेला की गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची ही धाकटी बहीण. दोन चमचे लिंबाचा रस, एक चमचा काकवी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा फेसलेली मोहरी आणि चार चमचे तेल. झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवा. हे बाल्सामिक नव्हे, कुणी तसं म्हणून विकू लागलं तर घेऊ नका. पण मुळा, गाजर आणि पातीच्या कांद्यावर मला हेच जास्त आवडतं. लिंबाऐवजी व्हिनेगर घ्यायचं तर लेबलवर 'सिंथेटिक' लिहिलेलं टाळा. ते अॅसिटिक आम्लात पाणी घालून केलेलं असतं. आंबट लागतं, पण त्याला ना फळाचा वास, ना चव. तांब्या-पितळेची किंवा अॅल्युमिनियमची भांडी या कामाला वापरू नका.

सॅलडवर ड्रेसिंग अगदी पानं घेताना घाला. मिठाने काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं आणि दहा मिनिटांत सगळं पातळ होतं.

पावाचं गणित वेगळं. लादी पाव तेल एका क्षणात पितो आणि लगदा होतो. त्याला कडक पाव हवा. मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस खाणारं आपलं गाव. तेच स्लाइस कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजा. बशीत तेल पसरा, मधोमध दाट बाल्सामिकचे किंवा काकवी-लिंबाचे थेंब सोडा, वर मिरपूड. इथे मोहरी नको आणि हलवायचंही नाही, तेल आणि आंबट वेगवेगळं जिभेवर येऊ द्या.

उरलेलं ड्रेसिंग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. शेंगदाण्याचं तेल थिजलं तर बाटली थोडा वेळ बाहेर ठेवा आणि पुन्हा हलवा.