जाड गोळी म्हणजे जास्त ताकद? आकडे काय सांगतात

तासगावच्या मक्यात रानडुक्कर घुसलं, की ‘जाड गोळीच हवी’ असा निकाल लागतो. आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेत हरीण-डुकरांसाठी चालणारं १८७३चं .४५-७० काडतूस घ्या. मूळ भारणीत गोळी २६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ४०५ मीटर, ऊर्जा साधारण २,१०० ज्यूल. १८९५च्या .३०-३०ची गोळी ११ ग्रॅमचीच. पण वेग ६७० मीटर, म्हणून ऊर्जा जवळपास २,५०० ज्यूल. वजन दुप्पट झालं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट झाला तर चौपट.

“पण जाड गोळी भोक मोठं पाडते!” खरंय, जड असल्यानं खोलही जाते. मात्र संथ गोळी लांबवर लवकर खाली येते. अंतराचा अंदाज चुकला, की जनावर जखमी होऊन पळतं. हृदय-फुप्फुसांत बसलेली बारीक गोळी पोटात लागलेल्या जाड गोळीपेक्षा केव्हाही सरस. शिवाय द्राक्षबागांत वस्त्या जवळ. चुकलेली गोळी अडवायला मागे मातीचा चढ नसेल, तर कुठलंच काडतूस योग्य नाही.

आणि कायदा आधी: १९७२च्या वन्यजीव कायद्यानं हरणाची शिकार बंद आहे. पिकं नासणाऱ्या डुकरासाठीही शस्त्रपरवाना पुरत नाही, वनविभागाची लेखी परवानगी लागते.