स्वॅप फाइलला कुलूप कशासाठी?

ब्राउझर, हिशेबाची फाइल आणि व्हिडिओ कॉल एकाच वेळी सुरू असले की संगणकाची रॅम अपुरी पडू लागते. मग ऑपरेटिंग सिस्टिम रॅममधली बराच वेळ न लागलेली माहिती डिस्कवरच्या राखीव जागेत हलवते आणि गरज पडताच परत आणते. ही राखीव जागा म्हणजे ‘स्वॅप फाइल’. विंडोजमध्ये तिला ‘पेजफाइल’ म्हणतात.

दिसायला ही इतरांसारखीच एक फाइल; प्रत्यक्षात मात्र तो चालू मेमरीचाच भाग असतो. तिच्यात कोणी फेरफार केला, तर रॅममध्ये परतलेली बदललेली माहितीच संगणक खरी मानतो.

हा धोका २००६ मध्ये उघडपणे दिसला. पोलंडच्या सुरक्षा संशोधक योआना रुत्कोव्स्का यांनी लास व्हेगासमधील ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत चाचणी अवस्थेतल्या विंडोज व्हिस्टावर प्रयोग दाखवला. व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीत डिजिटल स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरला मज्जाव होता. रुत्कोव्स्का यांनी मेमरी इतकी भरली की सिस्टिमच्या गाभ्यातला काही कोड पेजफाइलमध्ये गेला. मग अ‍ॅडमिनच्या अधिकारात डिस्कवर थेट लिहून त्यांनी तो बदलला. पहारा होता तो दारावर. बदल झाला तो मागच्या खोलीत! पुढे मायक्रोसॉफ्टने असे थेट लेखन रोखले.

लिनक्समध्ये आणखी एक अडचण असते. स्वॅप फाइल सुरू होताना तिची डिस्कवरची नेमकी जागा कर्नल टिपून घेतो आणि नंतर फाइल सिस्टिमला वळसा घालून थेट तिथेच लिहितो. वापरात असताना ती फाइल छाटली गेली, तर मोकळी झालेली जागा तुमच्या फोटोंना मिळू शकेल आणि कर्नल त्यावरच मेमरी लिहीत सुटेल. म्हणून अशी फाइल पुसण्यास किंवा छाटण्यास आधीपासूनच मनाई होती. तिच्यात लिहिण्याची वाट मात्र ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याला मोकळी होती. २०१९ मधील ५.४ आवृत्तीने तीही बंद केली.

कुलूप घट्ट झाले की घरच्यांचीही अडचण होते. संगणक ‘हायबरनेट’ करणारे काही प्रोग्राम स्वॅपसाठी राखलेल्या पार्टिशनवर स्वतःच लिहितात. त्यांचे काम अडल्यामुळे २०२० मध्ये त्यांच्यासाठी वाट ठेवावी लागली.

हे कुलूप सिस्टिम चालू असेपर्यंतच राखण करते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, तर स्वॅपमध्ये राहिलेले पासवर्ड वाचता येऊ शकतात. त्यासाठी डिस्कचे एन्क्रिप्शन हवे. आणि जागा मोकळी करायची म्हणून स्वॅप फाइल काढायचीच असेल, तर आधी सेटिंगमधून किंवा ‘स्वॅपऑफ’ आज्ञेने तिचा वापर थांबवावा. ‘ही फाइल वापरात आहे’ असा संदेश आला, तर तो अडथळा नसून तुमच्या माहितीचे संरक्षण आहे.